मदत हवी आहे : १२ × ४५ चा प्लॉट, जिना कुठं काढू?

ढेकूळ :
बाजारओळीत १२ × ४५ फुटांचा प्लॉट. तळमजला अन् वर एक. इंजिनिअरनं मधोमध आडवा दुमडता (अर्ध्यावर वळून उलट चढणारा) जिना दाखवला, मिस्त्री म्हणतो भिंतीला लावून सरळ काढा. सोमवारी आखणी आहे. लवकर सांगा.

ओळंबा :
तोंड कुठं? बाजूला काय? माती कोणती? भिंत किती इंची?

गिट्टी४० :
मिस्त्रीचं बरोबर. १० फूट उंचीला पायऱ्यांचे साधारण ७ इंची १७ चढ, पाऊल १० इंच. शेवटचा चढ थेट स्लॅबवर, म्हणून पावलं १६. लांबी १३ फूट ४ इंच. ९ इंची भिंती धरून आत साडेदहा फूट उरतात, ३ फूट जिना, साडेसात फूट मोकळे. दुमडता आडवा टाकला तर लांबीचे ६ फूटच जातात, पण मागं जायची वाट बंद. लँडिंगखाली (वळणावरच्या सपाट टप्प्याखाली) साडेचार फूट, वाकून जाल?

पळसफूल :
स्वयंपाकघर आग्नेयेलाच ठेवा.

ओळंबा :
त्यानं वास्तू विचारलं काय?

ढेकूळ :
तोंड पश्चिमेला. दोन्हीकडे जुनी मातीची घरं. काळी माती, ५ फुटांवर मुरूम. प्रश्न जिन्याचा आहे, पायाचा नाही.

ओळंबा :
पायाचाच आहे राजेहो! हद्दीवरच्या कॉलमची फुटिंग (खालचा पसरट पाया) शेजाऱ्याकडं सरकवता येत नाही. एकाच बाजूला काढली तर कलंडते. म्हणून समोरासमोरच्या दोन कॉलमखाली मिळून एक आडवी फुटिंग, मुरमात टेकवून. कॉलमच्या ५ जोड्या येतील. पहिली, तिसरी, पाचवी खणा, काँक्रीट भरा, मग दुसरी-चौथी. सलग चर मारला तर शेजारची भिंत तुमच्या खड्ड्यात. जोत्यात काळी माती भरू नका, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते अन् फरशी उचलते. मुरमाचे ६-६ इंचांचे थर टाका, पाणी मारा, धुम्मसानं ठोका.

खसताट्टी :
जिन्याजवळ ४ × ६ फुटांचा चौक (वरून उघडी जागा) सोडा. कूलर मागच्या, पूर्वेच्या खिडकीत. पश्चिमेला मे महिन्यात तापलेली हवाच ओढतो. हवा निघायला चौकातली खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा.

गिट्टी४० :
१२ फुटात चौक? अर्धी खोली गेली. वरून पारदर्शक पत्रा टाका.

खसताट्टी :
पत्रा टाका, पण खाली फूटभर फट ठेवून. बंद केला तर भट्टी.

ढेकूळ :
उत्तरेचा शेजारी म्हणतो मधली भिंत दोघांची आहे. तिच्यावरच स्लॅब टेकवू काय?

ओळंबा :
हे आता सांगता? मातीच्या भिंतीवर स्लॅब नको. आखणी थांबवा, आधी मोजणी करून हद्द घ्या. तुमचे कॉलम तिच्या अलीकडे, तुमच्या बाजूला येतील, ते साडेसात फूट मग राहत नाहीत.