बाबा जाऊन १४ महिने झाले, आता काउन्सेलिंगला जावं का? पहिल्या दिवशी काय विचारतात?

गोदाकाठची:
मी नाशिकची, वय ३६, सहकारी बँकेत आहे. बाबा अचानक गेले, हार्ट अटॅक. भाऊ परदेशात, त्यामुळे दहाव्याला रामकुंडावर उभं राहण्यापासून मृत्यूचा दाखला, फॅमिली पेन्शन, वारसनोंद सगळं मीच केलं. तेव्हा रडलेच नाही, लोक म्हणायचे पोरगी खंबीर आहे. वर्षश्राद्ध झालं आणि मग काय झालं माहीत नाही, रात्री ३ ला जाग येते ती येतेच, सिग्नलला गाडीवर उभी असताना डोळे वाहायला लागतात, काउंटरवर एखादे पेन्शनर काका पासबुक घेऊन आले की मला आत उठून जावं लागतं. मुलीवर ओरडते आणि मग रात्रभर तेच डोक्यात. नवरा म्हणतो इगतपुरीला १० दिवस विपश्यना करून ये, सासूबाई म्हणतात वर्ष उलटलं, आता सावर.
मैत्रिणीने एका काउन्सेलरचा नंबर दिलाय, आठवडा झाला तसाच पडून आहे. तिथे जाऊन बोलायचं काय? लोक केवढाले प्रॉब्लेम घेऊन येत असतील, माझे तर वडील गेलेत, ते सगळ्यांचेच जातात. लगेच गोळ्या चालू करतात का? आणि ऑफिसात कळलं तर?

ठाणेकर७८:
ताई, आधी तो फोन करा, बाकीचं वाचा नंतर.
मी घटस्फोटानंतर गेलो होतो, मलाही हाच प्रश्न होता की बोलायचं काय. बोलायची तयारी लागतच नाही हो. आधी एक फॉर्म भरून घेतात, मग विचारतात घरी कोण कोण, झोप किती, भूक कशी, कधीपासून होतंय, आधी काही आजार, घरात कुणाला असा त्रास होता का. मरावंसं वाटतं का हेही सरळ विचारतात, दचकू नका, ते सगळ्यांनाच विचारतात आणि खरं असेल ते सांगायचं. ४५-५० मिनिटं कशी जातात कळत नाही. मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या, गाडं अडलं की त्या वाचायच्या. तुम्ही इथे जे लिहिलंय ना, तेच वाचून दाखवा.
एक मात्र सांगतो, पहिल्या एकदोन वेळेला बाहेर पडल्यावर हलकं वाटेलच असं नाही, मला तर दोन दिवस अंगातला जीव गेल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी अर्धी रजा टाका, सेशन करून परत काउंटरवर बसू नका.
ऑफिसला कोणी कळवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा आपला हक्क म्हणून लिहिलाय, कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर, असे काही अपवाद आहेत. पहिल्याच दिवशी त्यांना हे विचारा, चांगला काउन्सेलर स्वतःहूनच सांगतो.

सुमाकाकू:
अगं, "सगळ्यांचेच जातात" हे वाक्य पहिलं सोड. सगळ्यांचे जातात, पण तुझे बाबा तुझेच होते. आणि तुला दुःख करायला वेळ कुठे मिळाला, तू तर दाखले गोळा करत होतीस.
माझ्या मोठ्या बहिणीच्या जाण्यानंतर मी ज्या बाईंकडे गेले त्या निम्मा वेळ स्वतःच्या सासूचं सांगत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या देवाचं करत जा. मी घरी येऊन ठरवलं की हे आपल्यासाठी नाही, त्यात सहा महिने घालवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या मिळाल्या त्यांनी तासभर नुसतं ऐकलं. म्हणून सांगते, दोनतीन वेळा जाऊन नाही पटलं तर माणूस बदल, अजिबात संकोच करू नकोस.
विपश्यनेला नावं ठेवत नाही, पण दहा दिवस मौन आत्ता कशाला, तुला तर बोलायचंय.

रानवाट:
गोळ्यांबद्दल. काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट गोळ्या देऊच शकत नाहीत, ते काम सायकिअॅट्रिस्टचं, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर. नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, सरकारी परिषद) नोंदणी आहे का विचारा, विचारण्यात काही गैर नाही. झोप अगदीच गेली, जेवण सुटलं तर ते स्वतःच डॉक्टरकडे पाठवतात. मला गोळ्या लागल्या होत्या, फरक पडायला तीनेक आठवडे गेले, आणि नंतर डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत एवढंच. थायरॉइड आणि बी-१२ पण तपासून घ्या, थकवा चिडचिड त्यानेही होते.
पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, मी केसपेपर काढून तिथेच जायचो. आणि रात्री ३ ला जाग आली आणि फारच झालं तर १४४१६, सरकारची टेलीमानस, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात.

गोदाकाठची:
सगळं दोनदा वाचलं. काकू, तुमचं वाचून ऑफिसच्या जिन्यात रडले, बऱ्याच दिवसांनी नीट रडले. लंच टाइममध्ये फोन केला, शनिवारी ११:३० ची वेळ मिळालीये. नवऱ्याला सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला मग म्हणाला मी सोडायला येतो, बाहेर थांबतो. दादा, वरचं सगळं कागदावर उतरवून ठेवलंय, पर्समध्ये आहे.