शब्दचर्चा: कॅनव्हासच्या भरतकामात धागा, दोरा, पदर आणि पेड

प्रश्न
जाळीच्या कॅनव्हासवर कीचेन, चष्म्याची पिशवी अशा छोट्या वस्तू भरण्याच्या सूचना मराठीत लिहिते आहे. 'चार धाग्यांवर सहा धाग्यांनी उभा टाका घाला' असं वाक्य तयार होतं. पहिले चार धागे कॅनव्हासचे आणि नंतरचे सहा सुईतले, हे नवख्या बाईला कसं कळावं? कॅनव्हासच्या धाग्याला 'तार' म्हटलं तर? शिवाय टेंट स्टिचला (धाग्यांच्या एका छेदावरचा छोटा तिरपा टाका) रुळलेला मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद १
सुईतल्यासाठी 'पदर' घ्या. सहापदरी दोरा हा शब्द दुकानातही चालतो. ८ मीटरची लडी, तिच्यात सहा पदर, हवे तेवढे सुटे करायचे. १८ च्या कॅनव्हासवर (म्हणजे इंचात १८ भोकं) तिरप्या टाक्याला पूर्ण सहा पदर लागतात. तीन पदरांनी भरलं की टाक्यांमधून पांढरी जाळी दिसत राहते.
तार मात्र नको. जरीकामात तार म्हणजे भरायचीच वस्तू, त्यामुळे गोंधळ आणखी वाढेल. 'धागा' फक्त कॅनव्हासचा, सुईत असतो तो 'दोरा', आणि दोऱ्याचे 'पदर', एवढं ठरवून टाका.

प्रतिसाद २
पदर आणि पेड यांची मात्र सरमिसळ करू नका. बऱ्याच ठिकाणी 'सहा पेडी' लिहिलेलं असतं. पेड पिळाचा असतो. लडीतला एकेक पदर हाच मुळात दोन पेडांचा पिळलेला असतो. पदर सुटे करायचे, पेड उलगडायचे नाहीत. पर्ल कॉटन (चमकदार, पिळाचा सुती दोरा) दोनपेडी आहे, त्याला पदर नाहीतच. तो गुंडीतून निघेल तसाच सुईत ओवायचा. पीळ सोडून त्याचे दोन भाग केले तर चमक जाते आणि दोरा सुईच्या नेढ्यापाशी पिंजतो. त्याचा आकडाही उलटा चालतो: ५ जाड, ८ बारीक, १२ त्याहून बारीक. १८ च्या कॅनव्हासला ५ नंबर चालतो.
सहा पदर लागणार असले तरी लडीतून कापलेला तुकडा तसाच ओवू नये. एका टोकाशी चिमटीत धरून एक पदर सरळ वर ओढा. बाकीचे पाच बोटाखाली गोळा होतात, ते खाली सारखे केले की मोकळे होतात. असे सहाही काढून पुन्हा जुळवले की टाका पसरट बसतो आणि जाळी जास्त झाकली जाते. तुकडा ४५ सेंटिमीटरचा, जरीचा असेल तर ३० चा. जरीचा लांब तुकडा भोकांतून घासून पिंजतो.

प्रतिसाद ३
टेंटला 'अर्धी फुली' म्हणतात, पण सूचनेत तेवढ्याने भागत नाही. वरून सारखे दिसणारे तीन टाके आहेत, फरक पाठीमागे. हाफ क्रॉस पाठीला आखूड उभा येतो, कॉन्टिनेंटल पाठीला लांब तिरपा जातो, आणि बास्केटवीव्ह कर्णरेषेत चालून पाठीवर चटईसारखी वीण करतो. 'अर्धी फुली' हाफ क्रॉसलाच ठेवा, बाकी दोघांची नावं आहेत तशीच लिहा. कॉन्टिनेंटलने कॅनव्हास तिरका ओढला जातो, बास्केटवीव्हने चौकोन चौकोनच राहतो. हाफ क्रॉस साध्या एकेरी विणीच्या कॅनव्हासवर सरकतो, त्याला गुंतवलेल्या विणीचा लागतो.
दोऱ्याचा हिशेबही यावरच. १८ वर एका चौरस इंचाला ३२४ टाके. अर्ध्या फुलीला साधारण १.१ मीटर, बास्केटवीव्हला १.५५, कॉन्टिनेंटलला १.७ मीटर दोरा जातो. दोन इंची चौकोनी कीचेन कॉन्टिनेंटलने एकाच रंगात भरायचं तर ६.८ मीटर झाले. ८ मीटरच्या लडीचे १७ तुकडे होतात आणि प्रत्येकाची सुरुवात-शेवट ६-७ सेंटिमीटर खाते. म्हणजे जेमतेम. दुसरी लडी आधीच, त्याच लॉटची घेऊन ठेवा, नंतर आणलेल्या लडीची छटा शेजारी शेजारी वेगळी दिसू शकते.

प्रतिसाद ४
मूळ वाक्यात शब्दापेक्षा मोठी अडचण आहे. उभ्या टाक्याला सहा पदर पुरत नाहीत. तिरपा टाका धाग्यांच्या छेदावर बसून दोन्ही धागे झाकतो. उभा टाका दोन उभ्या धाग्यांच्या मधल्या गल्लीत बसतो, आणि ते उभे धागे ओळीओळींमधून पांढरे डोकावतात. सात-आठ पदर घ्या, किंवा कॅनव्हास आधी त्याच रंगाने रंगवून घ्या, पण रंग पाण्याने न सुटणारा हवा. वापरातल्या वस्तूवर चार धाग्यांपेक्षा लांब टाका नको, किल्लीत अडकून ओढला जातो.
सजावटीचे बाकी टाके: दुहेरी फुली (आधी तिरपी, वर उभी-आडवी) दोन धागे गुणिले दोन धागे एवढी जागा घेते, म्हणून भाग सम संख्येचा हवा. उरलेली ओळ अर्ध्या फुलीने भरा. गाठीचा टाका वर आला त्याच भोकात परत गेला तर गाठ आरपार निसटते, शेजारच्या तिरप्या भोकात उतरवा.

प्रतिसाद ५
कर्नाटकी कशिद्यात 'मेंथी' म्हणजे हीच पूर्ण फुली. आपल्याकडच्या वाचकांना ती लगेच कळेल. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत घ्यायला जाणाऱ्यांसाठी एवढं लिहा: 'जाळीचा कॅनव्हास, १८ भोकांचा' असं मागा. मॅटीचं कापड वेगळं. त्यात धाग्यांचे गठ्ठे विणलेले असतात आणि एक गठ्ठा म्हणजे एक घर, त्यामुळे तिथे 'घर' मोजतात. कॅनव्हासला 'घर' म्हटलं की धागा मोजायचा की भोक, हा घोळ होतो. सुई बोथट टोकाची, २२ नंबर.

मूळ प्रश्नकर्ती
मग असं लिहिते: 'सुईत आठ पदर घेऊन कॅनव्हासच्या चार धाग्यांवर उभा टाका घाला.'

प्रतिसाद २
पुढे जोडा: 'सुई पहिल्या भोकातून वर, पाचव्यातून खाली.' चार धागे म्हटलं की चौथ्या भोकात उतरवणारे निघतातच, आणि मग तीन धाग्यांचाच टाका पडून पुढच्या ओळी जुळत नाहीत.