निधी ‘त्याच कामासाठी आलाय’ म्हणतात, म्हणजे नक्की काय?

ओली_वही

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ‘क’ वर्ग नगरपरिषद आहे, एवढं पुरे.

आमच्याकडे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नगरपरिषदेची अभ्यासिका आहे. धाकटा भाऊ तिथे एमपीएससीचा अभ्यास करतो. मीही दोन वर्षं तिथेच काढली (पोस्ट निघाली नाही, आता एका कर सल्लागारांकडे काम करते). मागच्या पावसाळ्यापासून स्लॅब गळतोय. खिडकीकडून तिसऱ्या टेबलावर कायम बादली असते. त्या खुर्चीला पोरं आता ‘बादलीची जागा’च म्हणतात. उशिरा आलेल्याला ती मिळते. पंख्याच्या हुकातून पाणी उतरतं म्हणून दोन पंखे बंद ठेवलेत. परवा भावाच्या वहीवर शाई अशी पसरली होती की राज्यघटनेची कलमं एकमेकांत मिसळून गेली.

आणि याच महिन्यात गावाच्या वेशीवर स्वागत कमानीचं काम सुरू झालं. फेब्रुवारीत तीन दिवसांचा महोत्सवही दणक्यात झाला. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना विचारलं तर म्हणाले, “ताई, कमानीचा निधी त्याच कामासाठी आलाय, दुसरीकडे वळवता येत नाही.” महोत्सवाचं विचारलं तर हसले. “लोकांना विरंगुळा नको का?”

हे खरं आहे का? निधी वळवताच येत नाही का? आणि माझ्यासारखीने नक्की कुठे, काय मागायचं? पक्षांची उणीदुणी नकोत. माहिती असेल तर सांगा.

कट्टा_नंबर_दोन

कमान रुंद असेल तर अभ्यासिका तिच्याखालीच भरवा. निधी वळवायलाच नको.

निवृत्त_सभालिपिक

ताई, मी नगरपरिषदेत एकतीस वर्षं काढली, त्यातली अठरा सभा विभागात. विषयपत्रिका काढायची, नोटिसा बजावायच्या, सभेत कोपऱ्यात बसायचं आणि नंतर इतिवृत्त लिहायचं. इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं ते, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात काय झालं असं ठरलं, ते त्यात असतं. असो.

तुम्हाला मिळालेलं उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे.

नगरपरिषदेचा पैसा एका गल्ल्यात नसतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं समजा. एक डबा राज्याच्या योजनांचा: नगरोत्थान महाअभियान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान, वस्ती सुधारणेच्या योजना. दुसरा डबा केंद्रीय वित्त आयोगाचा. तिसरा आपला स्वतःचा, म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, विकास शुल्क वगैरे. त्याला ऑफिसात नुसतं ‘न.प. फंड’ म्हणतात.

तुमची कमान बहुधा पहिल्या डब्यातली आहे. त्या पैशाला शासन निर्णयात कामाचं नाव चिकटलेलं असतं. कमान लिहिलं असेल तर त्यात स्लॅब दुरुस्त करता येत नाही, हे बरोबर. पण ‘आलाय’ हा शब्द मला नोकरीत असतानाही खटकायचा. पाऊस येतो तसा निधी येत नाही. कुणीतरी तो मागितलेला असतो. प्रस्ताव जातो, त्याला ठराव जोडतात, अंदाजपत्रक जोडतात, आमदारांचं पत्र जोडतात. कमान मागितली म्हणून कमान आली. त्या वेळी अभ्यासिका मागितली असती तर कदाचित अभ्यासिका आली असती. आणि मंजूर कामात बदल करता येतो बरं का. त्यासाठी शासनाची मान्यता लागते, ‘कामात बदल करणेबाबत’ असे शासन निर्णय निघतात. नगर विकास विभागाचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. पण तुमच्याकडे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) निघून खड्डे खणून झालेत. आता तो विषय मेला.

दुसऱ्या डब्याबद्दल थोडक्यात. 15 व्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 चा निधी आपल्यासारख्या लहान शहरांना 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित असा होता. बंधितातला निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छता-घनकचऱ्याला. अबंधित हिस्सा पगारावर आणि आस्थापनेवर घालायचा नाही, बाकी स्थानिक गरजेला चालतो. त्यातलं काही शिल्लक आहे का ते लेखापालांना विचारा.

आता तुमच्या कामाचं. महोत्सव कुठल्या डब्यातून झाला? मी पैजेवर सांगतो, तिसऱ्या. आणि स्लॅबची दुरुस्तीही साधारण तिसऱ्यातूनच होते. म्हणजे ताई, तुमच्या बादलीचं कमानीशी भांडणच नाही. कमान डोळ्यावर येते म्हणून सगळे तिच्यावर चिडतात. बादलीचं भांडण महोत्सवाशी आहे. तिथे ‘वळवता येत नाही’ असं कुणी म्हणूच शकत नाही, कारण तो पैसा पूर्णपणे सभागृहाच्या हातात असतो.

महोत्सवाचा ठराव काढून बघा. ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली सापडण्याची शक्यता फार. नोटिशीत नसलेला विषय शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने घ्यायचा, हे खरं तर अडीअडचणीसाठी असतं. पाइपलाइन फुटली, साथ आली, अशा वेळी. पण मी अशाही सभा पाहिल्यात की विषयपत्रिकेवर चौदा विषय आणि ऐनवेळचे तेवीस. लोक डबे उघडून जेवायला बसलेले, आणि मी मागच्या बाजूला पेन्सिलीने सूचक-अनुमोदकांची नावं भरतोय. मंडप वेगळा, साउंड वेगळा, लाईट वेगळे, फ्लेक्स वेगळे. असे तुकडे पाडले की प्रत्येक रक्कम निविदेच्या मर्यादेखाली राहते. तुमच्याकडे असंच झालं असेल असं म्हणत नाही. बघा, एवढंच म्हणतो.

मागायचं कसं: माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, त्यामुळे कैफियत लिहू नका. ‘अमुक कामाचा ठराव, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती’ एवढंच. पानाला 2 रुपये, मुदत 30 दिवस. खरं तर 2005 च्या त्या कायद्यातल्या कलम 4 मध्ये, सभा लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्तं बघायला मिळतात का, हे ऑफिसने आपणहून जाहीर करायचं आहे. तरी अर्जच करा. तोंडी मागितलं की साहेब नेमके साइटवर गेलेले असतात.

सिमेंट_वाळू_खडी

मी नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे (दुसऱ्या जिल्ह्यात). काकांनी डब्यांचं छान सांगितलं. दुरुस्ती का होत नाही, याची आमच्या बाजूची गोष्ट सांगतो.

नवीन कमानीचं अंदाजपत्रक मी एका दुपारी करतो. दरसूचीतले दर उचलायचे, खोदाई, पीसीसी, आरसीसी, स्टील, क्लॅडिंग, झालं. तांत्रिक मंजुरीला शंका निघत नाहीत. गळणाऱ्या स्लॅबचं तसं नसतं. वरचा जुना कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) उखडल्याशिवाय खाली काय आहे कळत नाही. ब्रिकबॅट कोबा टाकायचा का, सळई गंजली असेल तर जॅकेटिंग करायचं का, की फक्त पन्हाळीचं तोंड बुजलंय? काम सुरू झाल्यावर रक्कम वाढली तर ऑडिटला उत्तर मीच देणार. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं भूमिपूजन कुणी करत नाही. कोनशिला लावायची कुठे, टाकीला?

ताई, अर्जाआधी एक करा. गच्चीवर जाऊन बघा. कोबा नवा दिसतोय का? दोन-तीन वर्षांत कधी वॉटरप्रूफिंग झालंय का? झालं असेल तर कार्यादेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत गळती निघाली तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची, आणि त्याची सुरक्षा ठेव तोवर न.प.कडे अडकलेली असते. मुदत संपली की तो ठेव परत न्यायला अर्ज करतो, आणि कुणाची तक्रार नोंदलेली नसेल तर ती निमूट दिली जाते.

प्रभाग_नवखा

मी डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आलो. ताईंच्या गावचा नाही. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, राग मानू नये.

आमच्याकडे त्याआधी जवळपास चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. राज्यात बहुतेक ठिकाणी हेच. त्यामुळे आज जी कामं उभी राहताना दिसतात त्यातली कित्येक आम्ही आल्यावर नुसती ‘अवलोकनार्थ’ समोर आली. कमानीवर शिव्या आम्हाला पडतात, ठराव प्रशासकांचा असतो. तारीख बघून मगच नगरसेवकाला धरा.

दुसरं, पहिल्या सभेत माझ्यासमोर जो गठ्ठा ठेवला तो मी कबूल करतो, मला समजला नाही. ‘लेखाशीर्ष’ (खर्च ज्या खात्यावर टाकतात ते) म्हणजे काय हे शेजारच्या ज्येष्ठ नगरसेविकांना चिठ्ठीवर लिहून विचारलं. त्यांनी उलट लिहिलं, “हात वर करा, नंतर सांगते.” मी केला. नंतर त्यांनी सांगितलंही, पण तोवर ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता. त्या सर्वांमध्ये मीही होतो.

महोत्सवाला सरसकट नावं ठेवू नका, एवढं वाटतं. आमच्याकडे बचत गटांच्या बायकांनी तीन दिवस स्टॉल लावले, त्यांचा चांगला धंदा झाला. पण खर्च आधी अर्थसंकल्पात दाखवून करावा, मागाहून कार्योत्तर मंजुरी घेऊ नये, हे मान्य.

ओली_वही

सगळ्यांचे आभार. दीड महिन्याने लिहितेय, कारण प्रती आल्या. एकवीस पानं, 42 रुपये.

कमान: ठराव 2024 चा, प्रशासकांचा. नवखा दादा, तुमचं बरोबर निघालं. आमच्या नगरसेवकांना जरा जास्तच बोलले होते, भेटून तसं सांगितलं. त्यांनाही तारीख माहीत नव्हती.

महोत्सव: काका, पैज जिंकलात. न.प. फंड, ऐनवेळचा विषय क्रमांक 9. चार देयकं, चारही एकाच आठवड्यातली, आणि मंडप व साउंडच्या दोन वेगळ्या दुकानांच्या पावत्यांवर हस्ताक्षर एकच. करांचे कागद रोज बघते, त्यामुळे ‘र’ ओळखू येतो. ठरावात मात्र एक ओळ अशी की वाचून हसूच आलं: “सविस्तर चर्चेअंती”.

आता गच्ची. सिमेंट दादा, वर गेले. भावाला शिडी धरायला लावली. कोबा नवाच आहे! कडेला अजून चुन्याने तारीख लिहिलेली दिसते. दुसरा अर्ज टाकला. 2024 च्या मे महिन्यात वॉटरप्रूफिंग झालंय, पूर्ण देयक अदा, दोष दायित्व 3 वर्षं. म्हणजे पुढच्या मे पर्यंत. दोन पावसाळे आम्ही बादली उचलतोय आणि ठेकेदाराची ठेव आत पडून आहे. वाचनालयाच्या तक्रार वहीत गळतीच्या सात नोंदी आहेत, त्यातल्या दोन माझ्याच हातच्या. पण ती वही वाचनालयातच राहते. बांधकाम विभागापर्यंत एकही कागद गेलेला नाही.

आता पत्र कसं लिहू? आणि महोत्सवाच्या पावत्यांचं याच पत्रात लिहू का? कुणीतरी म्हणालं, नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

निवृत्त_सभालिपिक

एका पत्रात दोन विषय घातलेत तर दोन्ही विभाग ते एकमेकांकडे ढकलत बसतील. पावत्यांचं वेगळं करा, सावकाश करा, आणि हस्ताक्षराचा मुद्दा आरोप म्हणून न लिहिता ‘पडताळणी व्हावी’ असं लिहा. 308 मध्ये जिल्हाधिकारी नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण तुमचा महोत्सव होऊन मंडपही सुटला. आता थांबवणार काय?

गळतीचं पत्र मुख्याधिकाऱ्यांना, प्रत बांधकाम विभाग आणि लेखा विभागाला. लेखा विभाग विसरू नका, ठेव तिथून सुटते. पहिल्याच वाक्यात कार्यादेश क्रमांक आणि दोष दायित्वाची शेवटची तारीख. मागणी दोनच ओळींची: ठेकेदारास नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यावी, आणि तोपर्यंत सुरक्षा ठेव परत करू नये. तक्रार वहीच्या सात पानांच्या झेरॉक्स जोडा. आवक-जावक टेबलावर द्या, पोच म्हणून शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. “ठेवून जा ताई, मारतो नंतर” म्हणतील. मीही म्हणायचो.

सिमेंट_वाळू_खडी

आणि फोटो कोरड्या दिवशी काढू नका. पाऊस पडत असताना, हुकातून थेंब सुटताना, मोबाइलवर तारीख-वेळ चालू ठेवून. पन्हाळीच्या तोंडाचाही एक काढा. ठेकेदार पहिलं तेच सांगणार, की पोरांनी गच्चीवर कचरा टाकला म्हणून तुंबलं.

ओली_वही

पोच घेतली. आवक क्रमांक वहीच्या कोरड्या पानावर लिहून ठेवलाय. खिडकीतले काका खरंच म्हणाले, “ठेवून जा ताई.”