ऑनर्स इंग्लिश: पुस्तक वाचून या, एवढं मागणंही जास्त झालं का?

शेवंती

कालच्या धाग्यात चार ओळी लिहून गप्प बसणार होते, जमलं नाही. ज्यांनी 'गोदाकाठ' यांचं लिखाण वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्यांची मुलगी न्यू जर्सीत नववीला, ऑनर्स इंग्लिशमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा अवघड अभ्यासक्रमाच्या वर्गात. आठवीपर्यंत सगळे ए. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन पुस्तकं वाचायला दिली होती, शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांवर वर्गात बसून निबंध लिहायला लावला, आणि त्याला बी मायनस मिळाला. समासात शिक्षिकेने तीन ठिकाणी 'बरं मग?' एवढंच लिहिलं. त्यावरून हे म्हणतात की हा हुशार मुलांना नाउमेद करण्याचा प्रकार आहे, आणि ऑनर्सला घेतलेल्या मुलाला किमान ए मायनस मिळालाच पाहिजे.

मी मूळची सोलापूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इथल्या हायस्कुलात १४ वर्षं इंग्रजी शिकवते आहे, त्यातली ९ ऑनर्सच्या वर्गांवर. ते शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं माझं. ऑनर्स हे आठवीच्या मार्कांचं बक्षीस नाही. ते पुढच्या वर्षभराचं काम आहे.

मी काय मागते? पुस्तक स्वतः वाचून यायचं, हातात पेन्सिल घेऊन. नुसता सारांश वाचून आलेलं मूल दोन मिनिटांत कळतं, कारण त्याला गोष्ट माहीत असते पण एकही वाक्य आठवत नसतं. आणि निबंधात असं मत मांडायचं, ज्यावर शेजारच्या बाकावरचं मूल भांडू शकेल. नववीत बऱ्याच शाळांत 'रोमिओ अँड ज्युलिएट' असतं. 'वैर वाईट, त्यात निरपराध मरतात' एवढ्यावर दोन पानं भरणारी मुलं दरवर्षी निम्मी तरी असतात. चूक काही नाही त्यात, पण यावर वाद कोण घालणार? एका मुलीने लिहिलं होतं की ही दोघं घराण्यांच्या वैराने मरत नाहीत, त्यांचं भलं करायला निघालेल्या पाद्र्याच्या घाईने मरतात. मग नाटकभर घाई कुठे कुठे आहे त्या ओळी तिने काढून दाखवल्या. अर्धा वर्ग तिच्यावर तुटून पडला. व्याकरणाच्या सात-आठ चुका होत्या तिच्या. मी ए दिला.

ते 'बरं मग?' याचसाठी असतं. सांगितलंस ते कळलं, आता त्यातून तुला काय म्हणायचंय ते सांग.

गोदाकाठ

माझ्या मुलीचा निबंध तुम्ही पाहिलेला नाही, आणि थेट निकाल दिलात. छान.

मी काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा. निबंध सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिहून घेतला आणि परत मिळाला पाच आठवड्यांनी. तोवर मुलं दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर होती. गुण कशाला किती, हा तक्ता निबंधासोबत हातात आला, आधी नाही. चौदा वर्षांच्या पोरीला 'बरं मग?' तीनदा लिहून मिळालं आणि ती रात्री मला विचारते, 'बाबा, म्हणजे मी बावळट आहे का?' याला तुम्ही शिकवणं म्हणता?

वर बायॉलॉजी ऑनर्स, गणित, ऑर्केस्ट्रा. साडेअकराला दिवा बंद होतो आमच्याकडे. २०१५ साली आमच्याच राज्यात वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शालेय जिल्ह्याच्या सुपरिंटेंडंटनी, म्हणजे तिथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुखांनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं, ते इथल्या किती जणांना आठवतं? आदल्या शैक्षणिक वर्षात १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस झाली होती, ४० मुलांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्या जिल्ह्यात आपली मुलं किती आहेत ते मी सांगायला नको. अपेक्षा, अपेक्षा म्हणताना हेही बघा.

आणि एवढी पानं वाचून पुढे उपयोग काय? कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा इथे मार्च २०२४ पासून पूर्ण संगणकावर आली. उतारे २५ ते १५० शब्दांचे, एका उताऱ्याला एकच प्रश्न.

सातपुडा

गोदाकाठ, कॅलिफोर्नियात असतात तर एवढं रक्त आटवलं नसतंत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, काढते तेव्हा नववीच्या ग्रेड्स धरतच नाही. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचंच मोजतात.

माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ऑनर्स हवंच कशाला? लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीच्या हायस्कुलाने नववी-दहावीचं ऑनर्स इंग्लिश बंद करून सगळ्यांना एका वर्गात बसवलं. त्यावर २०२३ मध्ये केवढा गदारोळ झाला. मला मात्र ते पटलं, त्याचं कारण घरचं आहे. मुलगा बालवाडीत जाताना 'घरी कोणती भाषा बोलता' या रकान्यात मी अभिमानाने मराठी लिहिलं. त्या एका शब्दावरून त्याची इंग्रजीची चाचणी झाली. पाच वर्षांचं पोर, अनोळखी बाईंसमोर तोंडच उघडेना. मग पुढची तीन वर्षं त्याला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत. इथे जन्मलेला मुलगा! पाचवीत गेल्यावरही तो स्वतःला इंग्रजीत कच्चाच समजायचा. नववीत ऑनर्ससाठी शिक्षकांची शिफारस लागते, ती त्याला मिळाली नाही. शेवंतीताई, तुमच्या वर्गात कोण येतं हे तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच ठरलेलं असतं. आत आलेल्यांकडून काय मागायचं, यावर मग वाद घाला.

कोकणकडा

मी रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवतो, अमेरिकेशी माझा संबंध नाही. पण हे 'बरं मग?' वाचून राहवलं नाही.

आपल्यापैकी किती जणांनी दहावीला कवितेचं रसग्रहण स्वतःचं लिहिलं? खरं सांगा. 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे' हे वाक्य कविता कुठलीही असो, ठरलेलं. संदर्भासह स्पष्टीकरण गाईडमधून, पत्रलेखन गाईडमधून, निबंध क्लासच्या झेरॉक्समधून. तीस वर्षं पेपर तपासतोय मी. एका गठ्ठ्यात चाळीस पेपरांत तेच रसग्रहण, स्वल्पविरामासकट. एकदा एका मुलाने लिहिलं, 'ही कविता मला आवडली नाही, कारण कवी पावसात भिजलेला दिसत नाही, तो खिडकीत उभा आहे.' मी खुर्चीतून उठलो. नमुना उत्तरात असं काही बसत नव्हतं, तरी जेवढे देता येतील तेवढे गुण दिले.

त्या गाईडवर वाढलेले आपण तिकडे गेलो आणि आता मुलांच्या निबंधात आपलाच हात घालतो. गोदाकाठ, राग मानू नका, पण आठवीपर्यंतचे ते ए मुलीचे होते की तुमचे?

गोदाकाठ

राग न मानायला काय कारण आहे? माझी ओळख ना पाळख, आणि माझ्या मुलीवर लबाडीचा आळ! कॉमा आणि स्पेलिंग बघणं म्हणजे हात घालणं होत नाही. तुम्ही रत्नागिरीत बसून माझ्या घरातलं काय जाणता?

पायवाट

कोकणकडा, ते विचारणं बरं नव्हतं. माफी मागा.

आणि पाठांतराला इतकं तुच्छ लेखू नका. माझं वय ६८, नातीकडे टोरांटोला असते. माझी आई चौथी शिकलेली. तिला पसायदानाच्या नऊ ओव्या, हरिपाठ, मोरोपंतांच्या कितीतरी आर्या तोंडपाठ होत्या. ती बोलायला लागली की शब्द कुठून यायचे ते आम्हाला कळायचं नाही. आत साठलेलं असलं तरच बाहेर येतं. नातीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून 'तुझं मत काय' विचारतात. तिला मत आहे, शब्द नाहीत. प्रत्येक गोष्ट 'इंटरेस्टिंग' असते. आधी भरू द्या, मग मागा.

कोकणकडा

गोदाकाठ, माफ करा. घरापर्यंत जायला नको होतं.

पण मावशी, तुमच्या आईचं पाठांतर आणि गाईडचं पाठांतर ही एकच गोष्ट नाही. तुमच्या आईने ओव्या पाठ केल्या. आमची पोरं ओव्यांचा अर्थ पाठ करतात, तोही दुसऱ्याने लिहिलेला. कविता एकदाही मोठ्याने म्हणत नाहीत आणि तिचं रसग्रहण घडाघडा म्हणतात. यात साठतं काय?

पायवाट

हे मात्र खरं. पण मग दोष गाईडचा धरा. 'पाठांतर' म्हणून सरसकट झोडू नका.

शेवंती

पायवाट मावशी, तुमचं लिहिलेलं वाचून थांबले. एक सांगते. दहावीला मला मराठीत चांगले मार्क होते, ते सगळे कोकणकडा म्हणतात त्या रसग्रहणाचे. इथे एमएला आले आणि पहिल्या पेपरवर प्राध्यापकांनी लिहिलं, 'हे मत कुणाचं आहे?' मी चोरी केलेली नव्हती. मी वाचलेल्या सगळ्या टीकाकारांचं सौम्य मिश्रण केलं होतं, आमच्याकडे त्यालाच अभ्यास म्हणायचे. तीन दिवस रडले. मग लायब्ररीत एकटी बसून एकच कविता अकरा वेळा वाचली आणि पहिल्यांदा मला तिच्यातलं काहीतरी आवडत नाही, हे कळलं. वय तेव्हा २४. माझ्या वर्गातल्या मुलांना हे चौदाव्या वर्षी कळावं, एवढाच माझा हट्ट आहे.

पण साठवण हवी, हे बरोबर आहे तुमचं. गेल्या वर्षापासून मी प्रत्येकाकडून एक सुनीत पाठ करून घेते, चौदा ओळी. सुरुवातीला कुरकुर झाली. आता निबंधात त्यांच्याही नकळत ती लय उतरते.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हापासून घरून लिहून आणलेल्या निबंधावर माझा विश्वास राहिला नाही. सगळेच वाक्यरचनेत निर्दोष आणि कुणालाच काही म्हणायचं नाही. म्हणून पहिला निबंध वर्गात, कागदावर. शिक्षा म्हणून नाही. मूल कुठे उभं आहे ते मला दुसरीकडे कुठे दिसतच नाही.

एसएटीचं म्हणाल तर दीडशे शब्दांच्या उताऱ्यावर जगता येत नाही. एपी लँग्वेज या कॉलेजच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध असतात, त्यातला एक अनेक लेख समोर ठेवून त्यांतून स्वतःची बाजू उभी करण्याचा. ते बळ नववीत पुस्तकं वाचून येतं, अकरावीच्या क्लासमध्ये येत नाही.

गोदाकाठ

ठीक. तुमची गोष्ट वाचली. पण पाच आठवड्यांचं काय? त्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

शेवंती

लावते. माझ्याकडे पाच वर्ग, १३० मुलं. एका निबंधाला १५ मिनिटं धरली तर साडेबत्तीस तास होतात, आणि ते शिकवण्याच्या वेळेबाहेरचे. शनिवार-रविवार त्यातच जातात. एवढं सांगूनही पाच आठवडे जास्तच आहेत. दोन आठवड्यांत परत न दिलेल्या निबंधावरच्या शेऱ्याचा मुलाला उपयोग नसतो, हे मी माझ्याच वर्गात शिकले. गुणांचा तक्ताही आधीच द्यायला हवा होता. आणि 'बरं मग?' एकदा लिहिलं तर प्रश्न होतो. तीनदा लिहून शेजारी एक ओळ समजावून सांगितली नाही, तर मुलाला तो टोमणाच वाटणार. इथे तुमचं बरोबर आहे.

किमान ए मायनस मात्र नाही. बऱ्याच शाळांत ऑनर्सच्या ए ला ४ ऐवजी ४.५ धरतात, म्हणजे बी मिळाला तरी ३.५ होतात. अवघड वर्गात बी पडू शकतो, हे गृहीत धरूनच ती सवलत दिलेली आहे. वर ए ची हमीही मागितली तर मी मुलांना खोटं सांगायला लागेन.

सातपुडा

माझ्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही.

शेवंती

सातपुडा, तुमच्या मुलाच्या बाबतीत अन्याय झाला. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी शिफारशीची अट काढली. पालकांनी सही केली की मूल ऑनर्सला बसू शकतं. तसं आलेल्यांपैकी काही जण पहिल्या तिमाहीत सोडून गेले, बाकीचे टिकले. टिकलेल्यांत माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला वाचक होता. पण वर्गच बंद करून सगळ्यांना एकच सोपं पुस्तक देणं मला पटत नाही. दार उघडा, उंबरठा खाली आणू नका.

सातपुडा

एकत्र बसवलं की पुस्तक सोपंच द्यायचं, हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. तेच पुस्तक सगळ्यांना द्या आणि जास्त मदत लागणाऱ्यांना मदत द्या, असं कुणी करूनच बघत नाही. मला तुमचं पटलेलं नाही. पण शिफारशीची अट काढलीत ते चांगलं केलंत.

गोदाकाठ

दोन दिवसांनी लिहितो आहे. कोकणकडा यांच्या प्रश्नाचा राग अजून आहे, पण तो प्रश्न मी मुलीला विचारला. ती म्हणाली, 'बाबा, आठवीत तू शेवटचा परिच्छेद नेहमी लिहून द्यायचास.' मी कॉमा म्हणत होतो. ती परिच्छेद म्हणते. तिचंच खरं असणार, लिहायला तीच बसायची. या वेळचा निबंध वर्गात होता, म्हणून शेवटचा परिच्छेद तिचा एकटीचा होता, आणि तिन्हीपैकी दोन 'बरं मग?' तिथेच आहेत.

शिक्षिकेने पुन्हा लिहायची मुभा दिली आहे, शुक्रवारपर्यंत. मी अजून वाचायला मागितलेला नाही. ती खोलीत बसून दुसऱ्यांदा ते पुस्तक वाचते आहे, साडेअकरा वाजून गेलेत.

बी मायनस मला आजही कमी वाटतो आणि पाच आठवड्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही. गुरुवारी शिक्षक-पालक भेट आहे. तिथे पहिला प्रश्न तोच.