तुरुंगातून सुटलेल्या ताईंचा एकपात्री बसवायचाय, सल्ला हवा

देवगडकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या महिला मंडळात एक ताई आहेत, नाव सांगत नाही. एका घरगुती केसमध्ये कच्ची कैदी म्हणून कित्येक वर्षं आत होत्या, मग निर्दोष सुटल्या, आता काजूच्या फॅक्टरीत जातात. यंदा हळदीकुंकवाला सगळ्यांनी आग्रह केला तर त्यांनी उभं राहून तुरुंगातली मुलाखत (घरच्यांची भेट) करून दाखवली. म्हणजे जाळीपलीकडे भाऊ, अलीकडे या, आजूबाजूला सगळ्याजणी एकदम ओरडतायत, भाऊ बोंबलून सांगतोय "गाय व्याली" आणि यांना ऐकू येतंय "आय गेली". आधी आम्ही पोट धरून हसलो आणि मग कुणाला काय बोलावं तेच सुचेना. आता त्यांना याचा पूर्ण प्रयोग करायचाय, आणि माझा भाचा म्हणतो मोबाईलवर शॉर्टफिल्म करूया. पण ताईंच्या मुलीसाठी स्थळं बघतायत, गाव लहान आहे. कुठून सुरुवात करू? कुणी असं काही केलंय का?

नाटकवेडा_कुडाळ:
ताई, भारी विषय आहे. बाहेर हे काम बरंच जुनं आहे. इंग्लंडात १९७९ मध्ये आस्कम ग्रेंज तुरुंगातल्या दोन कैदी बायकांनीच 'क्लीन ब्रेक' नावाची नाटक कंपनी काढली, ती अजून चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोत ऱ्होडेसा जोन्स या बाईंनी तिथल्या काउंटी जेलमधल्या बायकांना घेऊन १९८९ मध्ये 'मेडिया प्रोजेक्ट' सुरू केला (मेडिया ही ग्रीक पुराणातली बाई). पुराणातली गोष्ट घ्यायची आणि त्यात बायकांनी आपलं स्वतःचं घालायचं अशी त्यांची पद्धत. आता हे आपल्याला काय नवीन आहे का हो? दशावतारात संहिता कुठे असते, आख्यान ठरलं की संवाद उभ्या उभ्या रंगमंचावरच. तर माझं म्हणणं, ताईंना देवकी करा. कंसाच्या तुरुंगातली बाई, तिथेच बाळंत होणारी. गोकुळाष्टमीला आपण दरवर्षी तुरुंगातल्या बाईचीच गोष्ट सांगतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. सरकारी आकडा बघा, २०२२ च्या अखेरीस देशभरात १,५३७ कैदी बायका मुलांसकट आत होत्या, मुलं १,७६४. देवकीच्या तोंडी घातलं की गावाला सगळं कळतं पण बोट कुणाकडे दाखवता येत नाही.

वकीलतात्या:
कल्पना छान, पण आधी कागद बघा. निर्दोष सुटल्या म्हणजे विषय संपला असं नसतं, सरकारने वर अपील केलंय का ते वकिलाकडून तपासून घ्या. असेल तर केसबद्दल एक अक्षर नको. सासरच्यांची नावं, गाव, आडनाव काही येऊ देऊ नका, मानहानीचा दावा लावायला लोक टपलेले असतात. जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) प्रमाणपत्र लागेल. आणि त्या फिल्मचं म्हणाल तर नाटक एका संध्याकाळी संपतं, व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ मागे घेता येत नाही. भाच्याकडून लेखी घ्या की ताई नको म्हणाल्या तर फुटेज डिलीट.
बाकी या बायकांचं बोलणं ऐकलं तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ मध्ये मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलून लिहिलं, त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्यावर १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बायकांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा वगैरे आदेश दिले.

आत_बाहेर:
मी स्वतः आत राहून आलेय म्हणून लिहितेय. कुडाळकर, देवकी मला पटली नाही. देवकी निष्पाप असते म्हणून ती सगळ्यांना चालते. मग ज्यांच्या हातून खरंच काही घडलंय त्यांनी काय करायचं, घरी बसायचं? तुम्ही ज्या मेडियाचं नाव घेतलंत ती ग्रीक पुराणात स्वतःच्या मुलांना मारते, आणि त्या अमेरिकन बाईंनी नेमकी तीच निवडली हे विसरू नका. लोकांना फक्त "बिचारी, उगाच अडकवली" अशीच गोष्ट हवी असते, दुसरी ऐकवत नाही.
देवगडकरीण ताई, तुम्ही तरी केसवर नाटक करू नका. काय केलं, कुणी केलं हे कोर्टात शंभरदा उगाळून झालंय. मुलाखत, गिनती (कैद्यांची मोजणी), घरून मनीऑर्डर आली की नाही, रात्री बराकीत कोण कुणाच्या कुशीला झोपतं, कोर्टाची तारीख असली की कोण कुणाची वेणी घालून देतं, हे घ्या. आणि कपडे! कृपा करून पट्ट्यापट्ट्यांचे कपडे नि बेड्या नकोत, ते सिनेमात. कच्च्या कैद्यांना घरचेच कपडे असतात, हिरवी साडी शिक्षा झालेल्यांना. तालमीत एखाद्या गोष्टीवर ताई थांबल्या तर थांबू द्या, "सांगा ना पुढे" म्हणून मागे लागू नका. पोलिसांपासून वकिलापर्यंत सगळ्यांनी तेच केलेलं असतं.

मालवणी_आजी:
गो बाये, लोकांची तोंडां काय बंद होवची नाय. तू आधी चेडवाक इचार. आवशीचा नाटाक बघून जो नाय म्हणतलो, तसलो जावई व्हयो कित्याक?

देवगडकरीण:
सगळ्यांचे आभार. आजी, मुलीला विचारलं, ती म्हणाली नाटक कर पण मोबाईल नको, त्यामुळे भाचा सध्या रुसलाय. अपील झालेलं नाही, वकिलाला विचारून घेतलं. पहिला प्रयोग मंडळातच, फक्त बायकांसमोर, फोन दारात टोपलीत. तुमचे सगळ्यांचे मेसेज ताईंना वाचून दाखवले. त्या म्हणतात देवकीपण नको नि ती मेडियापण नको, मला भावाचं काम करायचंय, जाळीपलीकडून. म्हणे इतकी वर्षं अलीकडेच उभी होते. लुंगी-बनियनची सोय झाली. कुडाळकर, कोणी पखवाजवाली बाई ओळखीची असेल तर कळवा, पुरुष नको म्हणतायत.