सल्ला हवा: युनिसायकलच्या (एकचाकी सायकलच्या) क्रँकला घोटा घासतो, कोणते क्रँक घ्यावेत?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. वय ४३, पुण्यात राहते. दीड वर्षापूर्वी २० इंचीवर शिकले, गेले आठ महिने २४ इंची चालवते आहे. हब (चाकाचा मधला भाग) आयसिसचा, म्हणजे खाचा असलेल्या एक्सलचा; क्रँक (एक्सल आणि पेडल जोडणारा दांडा) १२५ मिमी, अगदी सरळ. सकाळी सलग पाच-सहा किलोमीटर होतात, पण त्यापुढे उजवा घोटा साथ देत नाही. आतल्या बाजूचं हाड क्रँकला घासतं. पांढऱ्या मोज्यावर दर वेळी काळपट रेघ उमटते, धुतली तरी पूर्ण जात नाही. गेल्या आठवड्यात साल निघाली, आता चिकटपट्टी लावून चालवते.

सायकल जिथून घेतली तिथे विचारलं, तर म्हणाले, "सगळे क्रँक सारखेच असतात." बाहेरच्या अंगाला झुकलेले क्रँक मिळतात असं कळलंय. ते घ्यावेत का? की लांबी बदलू? की पेडलला वॉशर टाकून भागेल? बाहेरून मागवायचं म्हणजे वाहतूक खर्च आणि वर कस्टम्स, त्यामुळे एकदाच नीट निवडायचं आहे.

राईनकाठी

ताई, आधी एक काम करा. पाटीवर लिहायचा खडू घ्या आणि क्रँकच्या बाहेरच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फासा. गडद मोजे घालून दोन किलोमीटर चालवा. मग दोन गोष्टी बघा: क्रँकवरचा खडू कुठे पुसला गेलाय आणि मोज्यावर किंवा बुटावर कुठे लागलाय. कोणते क्रँक घ्यायचे ते यावरच ठरतं, म्हणून हे न करता पैसे घालू नका.

कारण सांगतो. झुकलेल्या क्रँकमध्ये पेडलचं भोक एक्सलकडच्या टोकापेक्षा बाहेर असतं. समजा ते १० मिमी बाहेर आहे. मग तुमचं अख्खं पाऊल १० मिमी बाहेर जातं, पण एक्सलकडचं टोक आहे तिथेच राहतं. म्हणजे त्या टोकाशी पूर्ण १० मिमी जागा वाढते, क्रँकच्या मध्यावर साधारण निम्मी आणि पेडलच्या भोकापाशी काहीच नाही, कारण तिथे क्रँकही पावलाबरोबरच बाहेर आलेला असतो. खडू एक्सलकडे पुसला गेला असेल तर झुकलेले क्रँक घ्या, फरक पडेल. पेडलकडे पुसला असेल तर तुमचा बूट पेडलवर आत सरकतोय. तिथे नवे क्रँक घेऊन उपयोग नाही, रुंद पेडल किंवा वॉशर बघा.

दुसरं म्हणजे पाऊल पेडलवर कुठे ठेवता? चवडा पेडलच्या मध्यावर असायला हवा. शिकताना धीर येत नाही म्हणून बरेच जण पावलाची कमान पेडलवर ठेवतात आणि पुढे तीच सवय राहते. तसं केलं की घोटा चार-पाच सेंटीमीटर पुढे येतो, आणि पेडल पुढून खाली जाताना घोट्याचं हाड नेमकं क्रँकच्या बोल्टपाशी पोचतं. चवडा पेडलवर असेल तर १२५ च्या क्रँकचं टोक त्या हाडापर्यंत सहसा पोचत नाही. १५० किंवा १६५ चं पोचतं. म्हणून लांब क्रँकचा विचार करूच नका, उलट ११४ ने जागा वाढेल. फक्त चढावर आणि थांबताना जोर जास्त लागेल.

माझी मुलगी इथे जर्मनीत क्लबमध्ये ट्रॅकवर युनिसायकलच्या शर्यतीत उतरते. २४ इंची गटाचा आंतरराष्ट्रीय नियम असा: टायरसकट चाकाचा व्यास जास्तीत जास्त ६१८ मिमी आणि क्रँक किमान १२५ मिमी. तिथे वेगात चालवणारी मुलं सरळ क्रँक पसंत करतात. पाय चाकाच्या जितका जवळ, तितका प्रत्येक दाबाला चाक डावी-उजवीकडे कमी डुलतं. पाय दूर गेला की दर दाबाला चाकाला बाजूचा पीळ बसतो, मोठ्या चाकावर आणि वेगात तो चांगलाच जाणवतो. म्हणून जितकी गरज तितकाच झुकाव घ्या, "होऊ दे जास्त" असं करू नका.

सांताक्लारा_वाकड

राईनकाठी यांच्याशी सहमत, पण माझं मत थोडं झुकलेल्या क्रँकच्या बाजूने आहे. मी डोंगरवाटांवर २७.५ इंची चालवतो, क्रँक १५० चे. दगडावर चाक अडलं की पाऊल पेडलवर आपोआप फिरतं, टाच आत येते. तिथे सरळ क्रँक लावून मी दोन्ही घोटे सोलून घेतले होते. मग युनिसायकलपटू क्रिस होम यांच्या नावाच्या ब्रँडचे 'मोमेंट' क्रँक लावले, त्यांना बाहेरचा झुकाव आहे. डोलणं थोडं वाढलं, पण मातीत वेगच कमी, त्यामुळे काही बिघडलं नाही. त्यांचेच 'स्पिरिट' क्रँक मात्र शून्य झुकावाचे, रस्त्यासाठी उत्तम. तुमच्या तक्रारीला ते चालणार नाहीत.

कोणतेही घेताना विक्रेत्याकडून झुकावाचा आकडा मिमीमध्ये मागून घ्या. घरात असलेल्या क्रँकचा स्वतः मोजता येतो: पोलादी पट्टी पेडलच्या भोकाच्या बाहेरच्या अंगावर सपाट धरा आणि एक्सलकडच्या टोकापाशी पट्टी आणि क्रँक यांच्यात किती फट राहते ते बघा.

कुणी क्रँक वाकवून देतो म्हणालं तर देऊ नका, कानशीनेही घासू नका. ॲल्युमिनियमला तिथून चीर जाते आणि क्रँक तुटतो तेव्हा सगळा भार त्याच पायावर असतो.

तोवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून क्रँकच्या टोकावर मोज्यासारखा चढवा. काठ झाकला जातो, साल निघत नाही.

डोंबिवली_फास्ट

क्रँक आणि पेडल यांच्यामध्ये बसवायचा एक्स्टेंडर मिळतो, साधारण २० मिमीचा. घेऊ नका. मी घेतला होता. चाक इतकं डुलायला लागलं की सरळ रेघेत जाता येईना, शिवाय क्रँकच्या आट्यांवर ताण वाढतो. वॉशर एखाद-दोन मिमीचा ठीक, पण आटे पुरेसे आत जातायत ना ते बघा.

राईनकाठी

बरोबर. आणि ताई, सीटची उंची बघितली का? सीट खाली असली की गुडघे बाहेर फाकतात आणि टाचा आत वळतात. पेडल तळाला असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहायला हवा. एकाच पायाला घासतंय म्हणजे माझा पहिला संशय पायाच्या ठेवणीवर आहे. बूट घालून जमिनीवर सरळ उभ्या राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा.

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूचं काम काल केलं. एक्सलकडच्या टोकावर अंगठ्याएवढी जागा लख्ख पुसली गेली होती, क्रँकच्या मध्यावर एक पुसट पट्टा आणि पेडलपाशी खडू जसाच्या तसा. डाव्या क्रँकवर कुठेच काही नाही. मुलाने मागून फोटो काढला, त्यात उजवं पाऊल स्पष्ट बाहेर फाकलेलं दिसतंय, टाच आत. हा पाय लहानपणी मोडला होता, तेव्हापासून तसाच पडतो. म्हणजे सवय थोडी सुधारेल, पाय सुधारणार नाही.

सीट दोन सेंटीमीटर वर घेतली आणि चवडा पेडलवर आणला. आज सहा किलोमीटरमध्ये मोज्यावर रेघ आली, पण निम्म्याने फिकी. आता प्रश्न असा: एकाच बाजूला झुकलेला क्रँक लावला तर चालेल का?

सांताक्लारा_वाकड

नको. एक पाय दूर, एक जवळ झाला की चाक एका बाजूला ओढत राहतं आणि तुम्ही कंबर वाकवून ते सावरत बसाल. जोडीच घ्या. १२५ च्या आसपास लांबी, बेताचा झुकाव, आयसिस. आणि डावीकडे खरंच घासत नसेल तर त्या बाजूला क्रँक बदलण्यापलीकडे काही करू नका. वॉशर टाकायचाच तर उजवीकडे एक मिमीचा, तोही नवे क्रँक लावून बघितल्यावर.

क्रँक काढताना पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) आयसिसचा वापरा. चौकोनी एक्सलच्या पुलरचं टोक बारीक असतं, ते एक्सलच्या भोकात शिरतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली रिंग हरवू नका, नव्या क्रँकमागे तीच परत बसवायची असते.

डोंबिवली_फास्ट

आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं. युनिसायकलला चेन नसल्यामुळे डावी-उजवी बाजू ओळखताना चूक होते. क्रँक अदलाबदल झाले की चालवता चालवता पेडल सुटत जातं आणि भोकातले आटे कापले जातात. पेडलच्या दांड्यावर आर आणि एल कोरलेलं असतं, ते बघून लावा.

मुळाकाठ

जोडी मागवली, १२७ ची, झुकावाचा आकडा विचारूनच. येईपर्यंत ट्यूबचा तुकडा चढवलाय, आणि सीटच्या दांड्यावर आताच्या उंचीला मार्करने खूण केली आहे. क्रँक आले की पुन्हा खडू फासून दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाकते.