स्लेटचं छप्पर : डागडुजी करू की सगळंच बदलू? मदत हवी आहे

मंडळी,

आमच्या घराचं छप्पर स्लेटचं आहे, म्हणजे शाळेतल्या पाटीचाच दगड, फक्त जाड. वय शंभरच्या आसपास. गेल्या वर्षी एक पाटी घसरून पडली, यंदा अकरा. पोटमाळ्यावर दोन जागी ठिबकतंय, बादली तिथेच मुक्कामाला आहे.

दोन कारागीर येऊन गेले. पहिला अंगणातूनच मान वर करून म्हणाला, "सगळं काढा." दुसरा म्हणाला, "डांबर फासून देतो, काळजी सोडा." चढलं दोघांपैकी कुणीच नाही.

पडलेल्या अकरांपैकी नऊ अखंड आहेत. बोटाच्या पेराने वाजवल्या तर खणखणीत वाजतात, फक्त खिळ्याच्या भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं आहे. उरलेल्या दोन बद्द वाजतात, कडेचे पापुद्रे सुटलेत, मागे पांढरी भुकटी. दुर्बिणीने सगळे उतार मोजले (मान अजून दुखतेय). साधारण दोन हजारांत तुटक्या, सरकलेल्या, गायब अशा दीडशे. बहुतेक एकाच उतारावर.

डागडुजी पुरेल का? की उगाच पैसे घालतोय?

प्रतिसाद १
डांबरवाल्याला आधी नाही म्हणून सांगा. डांबर काही दिवसांनी तडकतं, खाली ओल कोंडते, आणि त्या पाट्या पुन्हा वापरण्याच्या लायकीच्या राहत नाहीत.

ठिबकतंय नेमकं कुठे? उताराच्या मधे, की धुराड्यापाशी?

धागाकर्ता
एक धुराड्याच्या बुडाशी, दुसरं दोन उतार मिळतात त्या घळीत. उताराच्या मधे कुठेच नाही!

प्रतिसाद २
मग गळतीचा दोष बहुतेक पत्र्याचा आहे. घळीतला आणि धुराड्याभोवतीचा पत्रा स्लेटच्या कितीतरी आधी झिजतो. तो बदलताना आजूबाजूच्या तेवढ्या पाट्या काढून पुन्हा बसवायच्या.

घसरणाऱ्या पाट्यांचं दुखणं वेगळं. नऊ अखंड पडल्या म्हणजे लोखंडी खिळे गंजून तुटलेत, दगड ठणठणीत आहे. चांगली स्लेट शंभर-दीडशे वर्षं सहज जाते, लोखंडी खिळा तेवढा टिकत नाही. पांढऱ्या भुकटीच्या मात्र बाद. ते जिप्सम, दगड आतून कुजल्याची खूण. शंका असेल ती पाटी रात्रभर अर्धी पाण्यात उभी ठेवा. ओल पाण्याच्या रेषेच्या बरीच वर चढली तर तीही बाद.

साधारण ठोकताळा असा की खराब पाट्या वीस टक्क्यांच्या पुढे गेल्या की सगळं नव्याने करणं परवडतं. तुमच्या साडेसात टक्के आहेत. पण त्या एकाच उतारावर असल्याने त्या उताराचा हिशेब वेगळा करा. तिथे वीसच्या वर जात असेल तर तेवढाच उतार पूर्ण उतरवा आणि त्याच पाट्या तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा शाकारा. काढताना काही फुटतातच, त्यामुळे त्याच जाडीच्या जादा हाताशी ठेवा.

बाकीच्या उतारांवरच्या चार-पाच पाट्या काढून खिळे बघितल्याशिवाय कुणालाच काम देऊ नका. आणि जो थेट स्लेटवर पाय ठेवून चालेल त्याला लगेच खाली बोलवा. आढ्याला अडकवायची शिडी लागते.

धागाकर्ता
त्या उतारावर चारशेच्या आसपास पाट्या आहेत आणि खराब जवळजवळ एकशे तीस. म्हणजे तो उतरवावाच लागणार. पाण्यात आज रात्री तीन पाट्या उभ्या करतोय, सकाळी कळवतो.